चाकावरची काजळी

धुऊन पुसून लख्ख केलेल्या गाडीची पुढची चाकं आठवड्याभरात पुन्हा काळवंडतात आणि मागची तुलनेने बरी राहतात, हे गाडी बाळगणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, थांबवण्याचं बहुतेक काम पुढच्या ब्रेकना करावं लागतं, म्हणून झीजही तिथेच जास्त. या काजळीत काय असतं? ढोबळमानाने अर्धी पॅडची भुकटी आणि अर्धं डिस्कचं लोखंड. पॅड कडक जातीचं असेल तर लोखंडाचा वाटा अर्ध्याच्याही वर जातो. तापलेले लोखंडाचे कण अलॉय व्हीलच्या लॅकरमध्ये रुततात आणि तिथेच गंजतात, म्हणून नुसत्या पाण्याने ते निघत नाहीत. पॅड आणि डिस्क घेताना ‘कमी धूळ सोडणारं द्या’ अशी मागणी आता सर्रास होते, आणि बाजार ती पुरवतोही. पण ब्रेकच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. गिऱ्हाइकाने जे मागितलं ते त्याला मिळालं: आधी पकड, मग टिकाऊपणा, मग शांतता, मग स्वच्छ चाक. धूळ मात्र गिऱ्हाइकाच्या मागणीने फारशी हटली नाही. ती जिथे जाऊन पडत होती तिथे कोणीतरी ती मोजली आणि तो आकडा कायद्यात गेला, तेव्हाच ती हटली.

सुरुवात चामड्यापासून झाली. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याने बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या. शंभर किलोमीटरच्या आसपासचा हा प्रवास मोटारीच्या इतिहासातला पहिला लांब पल्ल्याचा प्रवास मानला जातो. उतारांवर गाडीच्या ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजून गेले, तेव्हा त्यांनी वाटेतल्या चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनरचा जन्म इथला म्हणायला हरकत नाही. पुढे इंग्लंडच्या डर्बीशायरमधल्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड यांनी घोडागाडीवाल्यांची एक युक्ती पाहिली. उतारावर लाकडी ठोकळा पुरेसा पकडत नाही म्हणून ते जुना बूट धावेवर दाबून धरत. फ्रूड यांनी त्यावर विचार करून १८९७ मध्ये कापडाचे थर चिकट राळेत मुरवून ब्रेकचे ठोकळे बनवायला सुरुवात केली. त्यांच्या उद्योगाचं ‘फेरोडो’ हे नाव म्हणजे त्यांच्याच आडनावाची अक्षरं उलटसुलट करून त्यांत बायकोच्या एलिझाबेथ या नावातला ‘ई’ मिसळून केलेला शब्द. त्याच सुमारास, १९०२ मध्ये, बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यांच्या ब्रेकमध्ये डिस्कवर घासायला तांबं होतं. ते भयंकर किंचाळायचं, आणि तेव्हाच्या कच्च्या रस्त्यांवरची धूळ आत शिरून ते भराभर झिजायचं. तेव्हा रस्त्याची धूळ ब्रेकला खात होती; ब्रेकची धूळ रस्त्यावर कोणाला खाते, हा प्रश्न पुढच्या शतकाचा. हे तांबं पुन्हा एकदा येणार आहे, ते ध्यानात ठेवावं.

कापूस आणि चामडं तापलं की जळतं. मोटारींचा वेग वाढला तसं जळणार नाही असं काहीतरी हवं झालं, आणि १९०८ च्या सुमारास फ्रूड अ‍ॅस्बेस्टॉसकडे वळले. उष्णतेला दाद न देणारा, कापसासारखा विणता येणारा, पितळेच्या तारेबरोबर गुंफता येणारा आणि वर स्वस्त असा तंतू. इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तर त्यात खोट काढायला जागाच नव्हती, आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगातल्या बहुतेक लायनरमध्ये वजनाने साधारण निम्मा वाटा त्याचाच राहिला. खोट होती ती कारखान्यात. १९३० मध्ये ब्रिटिश सरकारचे वैद्यकीय निरीक्षक मेरेवेदर आणि कारखाना निरीक्षक प्राइस यांनी अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांची तपासणी प्रसिद्ध केली. तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी ९५ जणांच्या फुप्फुसांत तंतुमयता आढळली; वीस वर्षं किंवा त्याहून जास्त काम केलेल्यांत हे प्रमाण पाचांत चारांवर गेलं होतं. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये धूळ आवरण्याचे नियम आले. या घटनाक्रमात गिऱ्हाईक कुठेच नाही. त्याची गाडी उत्तम थांबत होती, आणि लायनरची भुकटी ड्रमच्या आत बंद असल्यामुळे त्याच्या नजरेसही पडत नव्हती. ती पडत होती मेकॅनिकच्या नजरेस. तो ड्रम उघडायचा, कॉम्प्रेसरची हवा मारायचा, आणि करड्या ढगात उभा राहून शू बदलायचा.

उद्योगाने याला एक उत्तर दिलं, आणि ते वरवरचं नव्हतं. ब्रेक लागताना होणाऱ्या उष्णतेत अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूची रचना मोडते आणि त्याचं फॉर्स्टेराइट नावाच्या निराळ्या खनिजात रूपांतर होतं. झिजून निघालेल्या भुकटीत मूळ तंतू जेमतेम एखादा टक्काच उरतो, हे मोजमापांतूनही दिसलं आहे. मग धोका कुठे? प्रश्न रास्त आहे; पण तो झिजलेल्या भुकटीपुरता आहे. नवं लायनर घासून ड्रमच्या मापाला बसवताना, त्याला रिव्हेटची भोकं पाडताना, कारखान्यात ते विणताना आणि कापताना जी धूळ उडते, ती कुठल्याही आगीतून गेलेली नसते. रस्त्यावरच्या माणसाला कमी धोका आहे हे सिद्ध केल्याने कामगाराचा धोका कमी होत नाही. या वादात दशकं गेली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८९ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. १९९१ मध्ये अपील न्यायालयाने तिचा बहुतांश भाग रद्द केला. क्रायसोटाइल या अ‍ॅस्बेस्टॉसच्या जातीवरची बंदी अखेर २०२४ मध्ये आली. ब्रिटनने ती १९९९ मध्येच घातली होती. आपल्याकडे या धंद्याची शाखा मुंबईत होती: घाटकोपरच्या हिंदुस्थान फेरोडोच्या कारखान्यात ब्रेक लायनर बनत, आणि नावातच डर्बीशायरशी असलेलं नातं उघड होतं. भारतात या प्रश्नाला कायद्याचं बळ मिळालं ते सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी १९९५ च्या निकालाने. कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं न्यायालयाने म्हटलं, आणि अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांनी कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोवर, जपाव्यात असा आदेश दिला. क्रायसोटाइलच्या वापरावर सरसकट बंदी मात्र भारतात अजून नाही.

दरम्यान ब्रेक स्वतःच बदलला होता. १९५३ च्या ल माँ शर्यतीत डनलॉपच्या डिस्क ब्रेकची जॅग्वार सी-टाइप पहिली आली. विमानांसाठी घडलेलं हे तंत्र होतं. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून दूर सरतो, पेडल खोल जातं. डिस्क उघडी असल्याने वारा लागून थंड होते, आणि फेरीमागून फेरी तशीच पकडते. १९५५ मध्ये सित्रोएनच्या डीएस मोटारीने पुढच्या चाकांचे डिस्क ब्रेक सर्वसाधारण गिऱ्हाइकापर्यंत आणले, आणि पुढच्या वीसेक वर्षांत ते सगळीकडे गेले. या बदलाने किती जीव वाचले याचा हिशेब करता येणार नाही, आणि तो बाजूला सारून नुसत्या धुळीबद्दल बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल. तरी उघडेपणाची किंमत होती. जी भुकटी ड्रमच्या डब्यात साठायची ती आता बाहेर पडू लागली. काही चाकावर, काही डांबरावर, बरीचशी हवेत. त्यातच पत्र्याच्या चाकांवरच्या बंद टोप्या जाऊन अलॉय व्हीलची फॅशन आली. ब्रेकची धूळ ही तक्रार म्हणून जन्मली ती इथे. गंमत अशी, की तक्रार होती ती रुपेरी चाकाची. त्याच चाकामागून जाणाऱ्या सायकलस्वाराच्या नाकाची नव्हे.

अ‍ॅस्बेस्टॉस गेल्यावर त्याची जागा घेणारा एकच पदार्थ सापडला नाही, म्हणून पॅडच्या जाती पडल्या. अगदी सोप्या शब्दांत सांगायचं तर तीन. लोखंडी तंतू भरपूर असलेली सेमी-मेटॅलिक. थोडं लोखंड आणि डिस्कला खरवडणारी कणखर भर घातलेली लो-मेटॅलिक. आणि लोखंडच नसलेली, ज्यांना बाजारात सिरॅमिक म्हणतात ती. यांत कोणती कुठे रुजली हे रस्त्यांनी ठरवलं. जर्मनीत वेगमर्यादा नसलेल्या महामार्गावर ताशी २०० किलोमीटरवरून थांबता यावं लागतं, म्हणून युरोपने डिस्कला खरवडून पकडणारी लो-मेटॅलिक पॅड निवडली आणि काळी चाकं पत्करली. जपान आणि अमेरिकेत वेग कमी, आवाजाची आणि घाणीची चीड जास्त. तिथे सिरॅमिक पॅड आली. ती डिस्कवर स्वतःचाच एक पातळ थर चढवतात आणि त्या थरावर घासतात, त्यामुळे डिस्क कमी झिजते, आणि जी भुकटी पडते ती फिकट रंगाची असल्याने नजरेत भरत नाही. नुसत्या रंगाचीच ही जादू आहे असा आरोप काही जाणकार करतात. तो पुरता खरा नाही. चाचण्यांत सिरॅमिक जातीची पॅड बहुतेकदा लो-मेटॅलिकपेक्षा खरोखर कमी धूळ सोडतात, कारण डिस्कचं लोखंड वाचतं. म्हणजे गिऱ्हाइकाच्या नखऱ्याने इथे हवेचंही भलं झालं, हे मान्य करायला हवं. पण त्याला काय दिसत नव्हतं, ते पुढच्या प्रकरणाने दाखवलं.

लोखंड काढून टाकलं तर उष्णता वाहून नेणार कोण? तांबं. लँचेस्टर यांचं तांबं नव्वद वर्षांनी परत आलं, या वेळी भुकटी आणि तंतूंच्या रूपात, काही पॅडमध्ये वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत. चाकं स्वच्छ, आवाज नाही, गिऱ्हाईक खूष. पण नव्वदच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या दक्षिण भागात पाण्यातलं तांबं मोजणाऱ्यांच्या लक्षात आलं, की कारखान्यांची गटारं आवरूनही आकडा उतरत नाही. पावसाचं पाणी रस्ते धुऊन जे घेऊन येत होतं त्यात ब्रेकची भुकटी होती. १९९६ मध्ये ब्रेक बनवणारे, पर्यावरणवाले आणि सरकारी संस्था यांनी एकत्र बसून या प्रश्नाचा अभ्यास सुरू केला. पुढे वॉशिंग्टन राज्यात सामन माशांची बाजू पुढे आली: पाण्यात लिटरमागे काही मायक्रोग्रॅम इतकं विरघळलेलं तांबंसुद्धा लहान सामनच्या वास घेण्याच्या शक्तीला बाधा आणतं. वास गेला की शिकारी मासा जवळ आल्याचं त्याला कळत नाही. २०१० मध्ये वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या दोन्ही राज्यांनी कायदे केले: २०२१ पासून पॅडमध्ये तांबं पाच टक्क्यांच्या खाली, २०२५ पासून अर्ध्या टक्क्याच्या खाली. दोन राज्यांसाठी वेगळी पॅड बनवणं कोणाला परवडणार? अमेरिकेतला जवळजवळ सगळा बाजार बदलला. पॅडच्या खोक्यावर पानांचं चिन्ह आलं. तीन पानं भरलेली असली की तांबं जवळपास नाहीच असं समजायचं. एकाही गाडीवाल्याने दुकानात जाऊन ‘माशांना त्रास न देणारं पॅड द्या’ अशी मागणी केली म्हणून हे घडलं नाही.

आता या युक्तिवादावरचा सर्वांत जड आक्षेप. २०१७ मध्ये पोर्शने कायेन मोटारीबरोबर टंगस्टन कार्बाइडचा कठीण थर दिलेली डिस्क आणली, आणि तिचे कॅलिपर पांढरे रंगवले. काजळी पडतच नाही हे मिरवण्याचा याहून धीट मार्ग नसेल. त्याच वर्षी बॉशनेही तशीच डिस्क पुढे केली आणि साध्या डिस्कच्या तुलनेत ९० टक्क्यांपर्यंत कमी धुळीचा दावा केला. यामागे तेव्हा कुठलाही कायदा नव्हता. होती ती स्वच्छ चाकासाठी पैसे मोजणाऱ्या श्रीमंतांची हौस. मग बाजार पुरेसा नाही असं कसं म्हणायचं? म्हणायचं ते असं, की तंत्र जन्माला घालायला हौस पुरते, पसरवायला पुरत नाही. ओतीव लोखंडाची साधी डिस्क इतकी स्वस्त आहे की तिच्यावर कठीण थर चढवण्याचा खर्च लहान गाडीचा मालक स्वतःहून करणार नाही. त्याने का करावा? त्याची काजळी त्याच्या फुप्फुसात कमी आणि मागच्याच्या फुप्फुसात जास्त जाते. हे थर साध्या गाड्यांपर्यंत नेण्याची लगबग सुरू झाली ती युरोपने आकडा जाहीर केल्यावर.

तो आकडा असा. युरो-७ नियमांनुसार २९ नोव्हेंबर २०२६ पासून मंजुरीला येणाऱ्या नव्या प्रकारच्या मोटारींच्या ब्रेकमधून किलोमीटरमागे सात मिलिग्रॅमपेक्षा जास्त पीएम-१०, म्हणजे हवेत तरंगणारे बारीक कण, निघता कामा नयेत. फक्त बॅटरीवर चालणाऱ्या गाडीला मर्यादा तीन मिलिग्रॅम. वर्षाला १५,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीच्या हिशेबाने हे १०५ ग्रॅम आणि ४५ ग्रॅम झालं. मूठभर वाटतं, पण ही मूठ शहरातल्या प्रत्येक गाडीमागे आहे, आणि तिच्यातला कण श्वासात जाण्याइतका बारीक आहे. मोजणं सोपं नव्हतं. ब्रेकला धुराड्यासारखी नळी नसते. बंद पेटीत ब्रेक ठेवून, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे तो लावत, हवा खेचून कण गोळा करण्याची पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या मंचावर २०२३ मध्ये मान्य झाली, तेव्हा कुठे मर्यादेला अर्थ आला. गरज का भासली हे ब्रिटनच्या हवा गुणवत्ता तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या अहवालात दिसतं: रस्ते वाहतुकीतून थेट निघणाऱ्या पीएम-१० पैकी ७३ टक्के भाग आता धुराचा नसून ब्रेक, टायर आणि रस्त्याच्या झिजेचा आहे. धूर आवरला गेला, कारण धुरावर मर्यादा होती.

विजेच्या गाड्या आल्या की हा प्रश्नच मिटेल, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मोटर स्वतःच गाडीला मंदावते आणि वीज परत भरते, ब्रेक क्वचित लागतो. त्यामुळे ब्रेकची धूळ पुष्कळ घटते हे खरं. त्यातून एक नवीच अडचण उभी राहिली: न वापरलेली डिस्क गंजते. फोक्सवॅगनने आपल्या आयडी-३ आणि आयडी-४ मोटारींना मागच्या बाजूला चक्क ड्रम दिले, कारण बंद ड्रममध्ये गंज कमी आणि भुकटीही आतच. १९५३ मध्ये जो डबा जुनाट ठरला होता तोच आता आधुनिक म्हणून परत आला. आपल्याकडच्या लहान गाड्यांना मागे ड्रम आजही असतात, ते स्वस्त पडतात म्हणून. हवेचा विचार करून कोणी ते ठेवले नाहीत, पण उपकार व्हायचा तो होतोच. जड बॅटरीमुळे टायरची धूळ वाढते हा आणखी एक वेगळा हिशेब आहे, त्यात इथे शिरत नाही.

मग आज पॅड आणि डिस्क निवडणाऱ्याने काय करावं? शहरात आणि सौम्य वेगाने चालणाऱ्या गाडीला, तिच्या उत्पादकाने मान्य केलेलं सिरॅमिक जातीचं, तांबं नसलेलं पॅड घ्यावं; घाट उतरणाऱ्या, भार वाहणाऱ्या गाडीने धुळीपायी पकडीशी तडजोड करू नये. पॅडच्या कडेवर घर्षणाची दोन अक्षरं छापलेली असतात. दुसरं अक्षर तापल्यावरची पकड सांगतं, आणि ते मूळ पॅडपेक्षा खालचं नसावं. थर दिलेल्या डिस्कला तिच्यासाठी ठरवलेलंच पॅड लावावं. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, तिच्याखाली ती वापरू नये. आणि गॅरेजमध्ये ड्रमला हवा मारायला निघालेल्या पोराच्या हातातला पाइप बाजूला ठेवून ओलं फडकं द्यावं. एवढ्याने चाक स्वच्छ राहील, आणि थोडी हवाही. त्यापुढचं काम दुकानात होणारं नाही. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू असलेल्या बीएस-६ नियमांत धुराड्यातून निघणाऱ्या कणांना मर्यादा आहे. ब्रेकमधून निघणाऱ्या धुळीला नाही.